काम चालू आहे, थांबा

सुर्ल्याच्या खाणीच्या हपिसातली नोकरी सोडल्यावर दुसऱ्या दिवशी सगुण नेहमीच्याच वेळेला जागा झाला आणि केवळ हक्क म्हणून पुन्हा झोपला. झोप काही आली नाही. पण तो डोळे मिटून निश्चयाने पडून राहिला, कारण आता तो स्वतःचा सायब होता आणि सायबाने पहिल्याच दिवशी वेळेवर उठणं बरं दिसत नाही. पाव विकणारा पोदेर भोंगा वाजवत दारावरून गेला. सुमंगला, म्हणजे सगुणची बायको, शाळेत शिकवायला जायची. तिने पिशवी खांद्याला अडकवली आणि उंबरठ्यावरून आत बघून म्हणाली, "सायबांनू, चुलीर दूध आसा. उतू गेलें तर कामगारांक सांगून पुसून घेयात."

सगुण आता पाट्या रंगवणार होता. अक्षर त्याचं पहिल्यापासून देखणं. खाणीवर ट्रकांचे आकडे लिहायचा, तेसुद्धा असे, की ड्रायव्हर चिठ्ठी फेकून न देता खिशात ठेवत. त्यात गोव्याला घटकराज्य मिळालं आणि एका रात्रीत सगळ्या पाट्या जुन्या झाल्या. दमण आणि दीव ज्या ज्या फळीवर होते तिथून त्यांना खरवडून काढायचं होतं. वर भाषेचा कायदा झाला. त्यामुळे पाटी कोकणीत लिहायची की मराठीत, यावर प्रत्येक दुकानदाराच्या घरात दोन तट होते आणि पुष्कळांनी दोन्ही पाट्या लावून भांडण मिटवलं होतं. एका दुकानाला दोन पाट्या! रंगाऱ्याने याहून अधिक देवाकडे काय मागावं?

सुमंगलाने विरोध केला नाही, फक्त शिमग्याची मुदत घातली. "शिगम्यापर्यंत बघुया. तोपर्यंत एखादें धड काम हातात आयलें तर बरें. नाय तर सुर्ल्याची बस धरा." सुर्ल्याच्या सायबाचंही असंच मत पडलं. त्याला वाटलं, सगुणला तापबीप असावा. त्याने शिगम्यापर्यंत खुर्ची रिकामी ठेवायचं कबूल केलं. त्या खुर्चीची आठवण झाली की सगुणच्या पाठीला अजून रग लागायची. तांबडी धूळ, तांबडा चहा, आणि दर घटकेला आतल्या खोलीतून येणारी "सगुण, हांगा यो रे" ही हाक. त्या हाकेला पुन्हा ओ द्यायची नाही, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा होती. तशी लहानच म्हणायची, पण माणसाला जपायला पुष्कळ झाली.

पहिले आठ-पंधरा दिवस फार सुखाचे गेले. सुख म्हणजे काय, तर जेवताना हुमण, म्हणजे माशाची आमटी, गरम असणं. इतकी वर्षं डब्यातला बांगडा दुपारपर्यंत निवून रुसून बसायचा. आता तो तव्यावरून थेट ताटात येत होता. जेवणानंतर सगुण सोप्यावर आडवा व्हायचा, आणि गोव्यात दुपारी झोपणाऱ्याला कुणी उठवत नाही, हा तर आमच्याकडचा कायद्याहून जुना कायदा. उठल्यावर चहा, चहानंतर ब्रश. रंगाचा डबा उघडला की येणारा टर्पेंटाइनचा वास त्याला अत्तरासारखा वाटायचा. गिऱ्हाईक मात्र अजून किरकोळ होतं. एक न्हावी, एक पिठाची गिरण, आणि 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी मागणारे एक गृहस्थ, ज्यांच्याकडे कुत्रा नव्हता.

घोटाळा झाला तो एका साध्या वाक्याने. आमच्याकडे एखाद्या पुरुषाबद्दल "तो घरा आसा" म्हटलं, की त्याचा अर्थ तो घरी आहे असा होत नाही. त्याचा अर्थ, त्याला नोकरी नाही, तो मोकळा आहे, बिचारा आहे, आणि त्याला काम सांगितलं तर त्याच्यावर उपकारच होतील. सगुणने हे वाक्य प्रथम ऐकलं ते खुद्द आपल्या बायकोच्या तोंडून. रस्त्यावर कुणीतरी विचारलं, "घोवाचें कसें काय?" आणि सुमंगला सहज म्हणाली, "घरा आसात." सगुण आत जनेलापाशी, म्हणजे खिडकीपाशी, उभा होता. हातात ब्रश होता, अंगाला रंग होता, समोर न्हाव्याची अर्धी कात्री रंगवून झाली होती. त्याला फार लागलं ते. त्या संध्याकाळी तो कमी जेवला, आणि बांगडा चांगला होता म्हणून मग पुन्हा थोडं जेवला.

शेजाऱ्यांनी मात्र त्या वाक्याचा भरपूर उपयोग करून घेतला. पलीकडच्या घरातली देवकी मावशी रोज सकाळी कुंपणावरून विचारी, "सगुण, तूं घराच आसा न्हय?" या प्रश्नाला "होय" म्हटलं तरी फसला आणि "नाही" म्हणायला तर तो समोर उभा. मग, "मिरसांगो वाळत घातल्यात, कावळ्यांचेर नदर दवर," म्हणजे मिरच्या राखत बसायचं. नाहीतर, "गॅसवालो येतलो, सिलिंडर घेवन दवर." एकदा तिने आपली कोंबडीच आणून दिली. कोंबडी खुडूक बसली होती आणि तिच्या मते तिला पुरुषमाणसाच्या नजरेखाली ठेवणं बरं.

दुसरे बाबली. निवृत्त पोस्टमास्तर, शेजारच्या बंद गेटाच्या घरात एकटेच राहायचे. ते सकाळी सगुणच्या सोप्यावर येऊन बसत ते जेवणवेळेला उठत, आणि झोप आटोपून पुन्हा येत. मराठी-कोकणीच्या वादात ते कोणत्या बाजूला होते हे कुणालाच सांगता आलं नसतं, कारण समोरचा ज्या बाजूला असेल तिच्या विरुद्ध ते असत. समोर कुणीच नसेल तर ते वर्तमानपत्राशी भांडत. सगुणला हे सगळं ऐकावं लागे, कारण ऐकायला दुसरं कुणी नोकरी सोडून बसलेलं नव्हतं.

तिसरा आनंदा. हा कोल्हापूरकडचा, खनिजाच्या ट्रकावर ड्रायव्हर. सगुणच्या मागच्या खोलीत भाड्याने राही. तो कामं सांगत नसे. तो फक्त सुट्टीच्या दिवशी येऊन उभा राही आणि म्हणे, "लिवा तुम्ही. म्या नुसतं बघतो." कुणी नुसतं बघत असताना सरळ रेघ मारून बघा एकदा.

अशा अवस्थेत जयराम आला. जयराम डिचोलीचा कंत्राटदार. त्याला तालुक्यातल्या रस्त्यांवर गावांच्या नावांच्या नव्या पाट्या लावायचं काम मिळालं होतं. पिवळी फळी, काळी अक्षरं. सगुणच्या अंगणात स्कूटर उभी करून त्याने न्हाव्याची कात्री निरखली आणि म्हणाला, "अक्षर बरें तुझें. पूण म्हाका काम वेळार जाय. शिगम्या आदीं सगळ्यो पाट्यो. हें बरें जालें तर पेडण्याच्यो पाट्योय तुकाच." म्हणजे सगळं वेळेवर हवं, आणि जमलं तर पेडणे तालुक्याचंही काम! सगुणला तिथल्या तिथे स्कूटरला प्रदक्षिणा घालावीशी वाटली. धड काम म्हणतात ते हेच. आता सुर्ल्याच्या खुर्चीवर कोळ्याने खुशाल जाळं विणावं.

फळ्या आल्या, पिवळ्या रंगाचे हात मारून झाले, आणि सगुणने पहिलंच नाव लिहायला घेतलं ते आपल्या गावाचं, साखळीचं. 'सा' झाला, 'ख' झाला. एवढ्यात कुंपणावर देवकी मावशी. "सगुण, तूं घराच आसा न्हय? सोसायटीत साखर आयल्या. साखर संपता रे. साखर हाडून दी म्हाका." साखर, साखर, साखर. सगुण मान डोलावत राहिला आणि हात चालत राहिला. सायंकाळी सुमंगला शाळेतून आली, फळीपुढे थांबली आणि तिने मोठ्याने वाचलं, "साखर, तीन किलोमीटर."

ती पाटी पुसली. दुसऱ्या दिवशी लिहून झालेल्या पाट्या त्याने अंगणात उन्हाला सपाट मांडून ठेवल्या आणि तो जेवायला बसला. देवकी मावशीला त्या दिसल्या. सपाट, स्वच्छ, ऊन लागलेल्या फळ्या! तिने आपल्या सगळ्या मिरच्या त्यांच्यावर पसरल्या. रंग ओला होता. मिरच्या निघाल्या, पण बिया राहिल्या, आणि 'सुर्ला' या अक्षरांना गोवर आल्यासारखं झालं. खरवडताना सगुण इतका शिंकला की बाबलींनी वर्तमानपत्र खाली ठेवून विचारलं, "तुका नोकरी सोडल्यापासून तब्येत मानवना काय रे?"

तेव्हा सगुणने ठरवलं, की फाटकावर एक पाटी लावायचीच. पाट्या रंगवणाऱ्याच्या घराला पाटी नाही, म्हणून तर लोकांना त्याचं काम दिसत नव्हतं! पण लिहायचं काय? 'आत येऊ नये' असं लिहिणं शक्य नव्हतं. गोव्यात ते लिहिलेलं चालत नाही, देवाने येणारा पाहुणा तिथूनच परत न्यावा अशी ती शिवी होते. म्हणून त्याने मऊ शब्द शोधला. शेजाऱ्यांना कळावं म्हणून शेजाऱ्यांच्या भाषेत लिहिलं: 'काम चालू आसा. रावा.'

आता कोकणीत 'रावा' म्हणजे थांबा, हे खरंच. पण 'रावा' म्हणजे राहा, हेही तेवढंच खरं. सगुणला पहिला अर्थ हवा होता, लोकांना दुसरा आवडला.

पाटी वाळायच्या आत देवकी मावशी आपल्या बहिणीला घेऊन आली. बहीण पेडण्यातल्या केरीहून आली होती, बरोबर एक ट्रंक आणि सुक्या बांगड्यांची जुडी होती. "आमच्या घरा जागो ना रे. तुझ्या सोप्यार दोन दीस रावतली." सगुण म्हणाला, "मावशी, पण माझं काम..." तिने फाटकाकडे बोट दाखवलं. "तुवेंच बरयलां न्हय, काम चालू आसा, रावा म्हूण? आमकां तुझ्या कामाची कांय अडचण ना!" बाबली तर गहिवरले. इतकी वर्षं लोक त्यांना उठायला सांगत आले होते, लेखी 'रावा' म्हणणारा पहिलाच. त्यांनी घरून स्वतःची उशी आणली.

आनंदाने ती पाटी मराठीत वाचली. तो कामावरून आला, फाटकाशी थांबला आणि आत येऊन मोठ्याने म्हणाला, "बरुबर लिवलंय! 'काम चालू असा, रावा.' म्हंजी काम चालू असू द्या राव, आसंच न्हवं? म्या म्हटलं, आपून जाऊन सांगावं, चालू असू द्या!" आणि तो पायरीवर बसून नुसतं बघू लागला.

"चूक तुझी आसा," बाबली उशीवर रेलून म्हणाले. "कोकणी मवाळ भास. तिच्यात कुणाला हाकलता येत ना. हुकूम मराठीतून द्यावा. 'थांबा' लिही. मराठीत थांबा म्हणजे थांबा, त्याला दुसरा अर्थच नाय. आणि बारीक लिवूं नकोस. दुरून दिसलें पाहिजे." त्या दिवशी सकाळी ते कोकणीच्या बाजूने भांडत होते, पण समोर कोकणी पाटी असल्यामुळे त्यांचा नाइलाज होता.

सगुणने सल्ला मानला. घरात रंग होता तो जयरामच्या कामाचा, म्हणून फळी पिवळी आणि अक्षरं काळी. 'काम चालू आहे' ही ओळ त्याने वर लिहिली आणि खाली हातभर मोठ्या अक्षरांत 'थांबा'. दुरून दिसावी म्हणून पाटी फाटकावर न लावता खांबावर, रस्त्याच्या कडेला रोवली. वरच्या ओळीवर जास्वंदीची फांदी आली होती. ती उद्या छाटू, असं तो म्हणाला. अशा कितीतरी फांद्या आमच्या देशात उद्या छाटायच्या राहिल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या फाटकापाशी सात-आठ माणसं उभी होती. कुणी आत येईना. सगुणला मराठीचा अभिमान वाटला. त्याने बाबलींना चहा पाजला. मग वळणावरून डिचोलीची बस आली, ड्रायव्हरने पाटी पाहिली, आणि बस त्याच्या दारात थांबली. माणसं चढली. कंडक्टरने घंटी मारली आणि जाता जाता सगुणला म्हणाला, "नवो थांबो बरो केलो. ह्या वळणार तो जायच आशिल्लो, गरज आशिल्ली."

मराठीत थांबा या शब्दाला दुसरा अर्थच नाही, हे बाबलींचं म्हणणं बसच्या धुराबरोबर उडून गेलं. बाबलींनी मात्र वर्तमानपत्रातून मान वर न करता सांगितलं, की हा दोष भाषेचा नव्हे, सरकारचा.

चार दिवसांत तिथे सगळं गाव उभं राहू लागलं. थांबा म्हटला की चणेवाला आला, चणेवाला आला की भजीवाला आला, आणि मासळीची पाटी डोक्यावर घेतलेली बाई रोज सगुणच्या कुंपणाच्या सावलीत टेकू लागली. बस वेळेवर येत नसल्यामुळे लोकांना पाणी लागे. पाणी प्यायल्यावर सोपा लागे. सोप्यावर बसल्यावर बाबली लागत, म्हणजे ते सोडत नसत. आणि कुंपणाला टेकवून वाळत ठेवलेल्या पाट्यांना लोक पाठ टेकवत. त्या आठवड्यात बाजारात पांढरे शर्ट घालणारी बरीच माणसं पाठीवर गावांची नावं घेऊन फिरत होती, तीही उलटी. शाळेचे एक मास्तर दिवसभर पाठीवर उलटा 'सुर्ला' घेऊन शुद्धलेखन शिकवत होते आणि मुलं इतकी शांत का, याचं त्यांना नवल वाटत होतं.

सगुण पाटी उपटायला गेला तर लोकांनी त्याला धरला. "सार्वजनिक थांबो तूं कोण काडपी?" तो म्हणाला, "अहो, मीच लावलाय!" यावर मासळीवाली म्हणाली, "लावूंक येता तो काडूंकय येता अशें आसतां जाल्यार मनशाक खंयचें बंधनच उरचें ना." हे ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या. अर्थ कळला नाही, पण म्हणणं पटलं.

शेवटी तो एका कचेरीत गेला. कुठली ते सांगत नाही, कारण तिथला कारकून अजून आहे आणि आपल्याला कधी ना कधी दाखला लागतोच. कारकुनाने शांतपणे ऐकून घेतलं.

"पाटी लावताना परवानगी घेतली होती?"

"नाही."

"मग आता काढताना तरी घ्या."

"तीच मागायला आलो. द्या."

"कशी देऊ? जो थांबा आमच्या कागदावर नाही, तो काढायची परवानगी आम्ही कशी देणार? आधी तो मंजूर व्हायला हवा. मंजूर झाला की रद्द करू."

"म्हणजे मी आधी थांबा मागायचा?"

"मागायचा. आणि कारण सबळ लिहा हं, नाही तर मंजूर होणार नाही. मग रद्द कसा करणार?"

सगुणने अर्ज लिहिला. लोकांची होणारी गैरसोय, वृद्धांचे हाल, वळणाचा धोका. अक्षर इतकं सुरेख आणि कारणं इतकी हृदयद्रावक होती, की लिहिता लिहिता थांबा असायलाच हवा असं त्यालाही क्षणभर वाटून गेलं. दुसरा अर्ज, रद्द करण्याचा, त्याने घरी नेला. पहिला मंजूर झाल्यावर द्यायचा म्हणून. आणि आश्चर्य म्हणजे पहिला मंजूर झाला. आमच्याकडे नको असलेली गोष्ट कशी झटपट होते, याचा हा नमुना.

त्याच सुमाराला जयराम आला. स्कूटर फाटकापर्यंत येईना. तो माणसं बाजूला सारू लागला तर एक म्हातारी खेकसली, "लायनीन रावा!" अंगणात आला तर एका फळीवर मिरच्यांच्या बिया, दुसरीवर कुणाच्या तरी पाठीचा ठसा, तिसरीवर भजी, आणि सोप्यावर केरीची पाहुणी बाबलींना सुक्या बांगड्याची किशमूर कशी करायची ते समजावत होती. सगुण किटली घेऊन प्रवाशांना चहा देत होता.

जयराम ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "सगुण, तूं बरो मनीस. पूण तूं काम करता तो जागो न्हय, तो तिठो. आयतवारा म्हाका सगळ्यो पाट्यो जाय. ना जाल्यार हांव फोंड्याच्या पेंटराक दितां." आणि अशी रविवारची मुदत घालून तो ओळ मोडून निघून गेला.

शिगमो दारात आला होता. ढोलांचा सराव ऐकू येत होता, आणि प्रत्येक ढोल "सुर्ल्या, सुर्ल्या" असा वाजतो असं सगुणला वाटू लागलं. त्याने कपाटातून रद्द करण्याचा अर्ज काढला. उद्या सकाळी पहिलं काम हेच. तो अर्ज खिशात घालून पायरीवर येतो तोच संध्याकाळची बस दारात थांबली आणि सुमंगला उतरली. एका हातात वह्यांचं गाठोडं, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. चार पावलं टाकून ती घरात आली, पिशवी ठेवली आणि पंख्याखाली बसली.

"एक सांगू?" ती म्हणाली. "इतकीं वर्षां बस आमच्या दारावरून जाताली. मी खिडकीतून माझें घर बघताली, अंगणातले कपडे बघताली, आणि बाजारात उतरून हें वजें घेवन मागे चालत येताली. दर दिसा. कोणाक सांगून काय उपयोग म्हणून सांगूक नाय. तुमी नोकरी सोडलात तेव्हा मला राग आयलो होतो. आता बस दारात थांबली की वाटता, ह्यांनी माझ्यासाठीच केलां."

सगुणने तिच्यासाठी केलं नव्हतं, हे त्याने सांगितलं नाही. प्रत्येक नवऱ्याला एवढी अक्कल असतेच. त्याला तिच्या पायांकडे बघवेना. इतकी वर्षं तो सुर्ल्याच्या बसमध्ये बसून जायचा आणि ती कुठे उतरते हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. त्याने खिशातला अर्ज काढला, चार तुकडे केले आणि ब्रश पुसायच्या डब्यात टाकले. मग तो स्वैपाकघरात गेला आणि तिच्यासाठी चहा ठेवला.

चहा गोड झाला, पण पाट्या होत्या तिथेच होत्या. सकाळी पुन्हा तेच. बस, भजी, देवकी मावशी, तिची बहीण, आनंदाची सुट्टी. सगुण ब्रश घेऊन जागा शोधत फिरत होता. तेवढ्यात बाबली म्हणाले, "सगुण, तूं मोकळोच आसा तर म्हज्या घरासून म्हजे चश्मे हाडून दी रे." सगुण दात-ओठ खात गेला. बंद फाटक लोटलं. पडवीत चढला. आणि उभाच राहिला.

कुणी नव्हतं. लांब-रुंद पडवी, लाकडी मेज, उत्तरेचा सारखा उजेड. पानसुद्धा हलत नव्हतं. सगळं गाव सगुणच्या घरी असल्यामुळे बाकी सगळी घरं रिकामी होती! ही शांतता बाबलींना खायला उठत होती म्हणून ते त्याच्या सोप्यावर येऊन बसत, आणि सगुण त्याच शांततेसाठी कचेरीचा उंबरा झिजवत होता. त्याला बाबलींची एकदम दया आली. मग त्याने चष्मा नेऊन दिला, वर एक कप चहाही दिला, आणि कुंपणावरून एकेक फळी बाबलींच्या पडवीत उतरवून घेतली.

तीन दिवस त्याने कधी केलं नव्हतं एवढं काम केलं. 'साखळी' लिहिताना साखर आठवली नाही. 'सुर्ला' लिहिताना खुर्ची आठवली नाही. तिसऱ्या दिवशी बाबली औषध न्यायला घरी आले आणि आपल्या पडवीत हा कारखाना बघून चकित झाले. "हें कितें? तूं हांगा? म्हाका सांगलें आसतें जाल्यार हांवूय हांगाच रावलों आसतों, तुज्या वांगडा उलयत, गजाली करीत!"

सगुणने रंगाचे हात जोडले. "बाबलीकाका, पाया पडतो, तुम्ही माझ्या घरीच बसा. तिथे आल्यागेल्याला कोणीतरी मोठं माणूस नको?" बाबलींनी विचार केला. पोस्ट सुटल्यापासून त्यांना कुणी असं काही सोपवलं नव्हतं. ते औषध विसरले आणि ताठ मानेने परत गेले. त्या संध्याकाळपासून सोप्यावरून बसच्या वेळा विचारणाऱ्याला ते दोन्ही भाषांत उत्तर देऊ लागले, दोन्ही चुकीच्या.

रविवारी जयरामचा टेम्पो आला. जयरामने एकेक फळी उलटसुलट पाहिली, बोट लावून रंग पाहिला, वास घेतला आणि म्हणाला, "फाल्यां पेडण्याच्यो फळ्यो धाडटां. खंय धाडूं? तुज्या घरा?" सगुण घाईघाईने म्हणाला, "नको, नको! शेजारी."

शिगम्याच्या आदल्या दिवशी सुर्ल्याच्या हपिसातला शिपाई नारायण आला. दुपारची वेळ, उन्हातून चालत आल्याने घामाघूम. सगुण बाबलींच्या पडवीत 'केरी'च्या वेलांटीवर होता. कुंपणापलीकडून त्याला सगळं ऐकू येत होतं. शाळेला सुट्टी असल्यामुळे सुमंगला दारात होती.

"वयनी, सायबान विचारलां," नारायण म्हणाला. "खुर्ची अजून मोकळी आसा. सगुण आसा घरा?"

सगुणचा ब्रश वेलांटीवरच थांबला.

"नाय," सुमंगला म्हणाली. "ते कामावर गेल्यात."

"कामार? खंय?"

"शेजारी," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात हसण्याचा लवलेश नव्हता. "सायबांक सांग, खुर्चीर दुसऱ्याक बसवा. ह्यांना आता वेळ नाय. आणि नारायणा, परत येशील तेव्हा असो उन्हातून चालत येवं नको रे. बसीन ये. बस आमच्या दारात थांबता."